चित्रे हलकी करण्याचे शास्त्र : प्रस्तावना

रत्नागिरीचे अनेक बागायतदार आता हापूस थेट गिऱ्हाइकाला विकतात. आढीतून काढलेल्या आंब्याचा, भरलेल्या पेटीचा फोटो मोबाइलवर काढायचा, स्वतःच्या वेबसाइटवर टाकायचा आणि पुण्या-मुंबईची मागणी नोंदवून घ्यायची, ही रीत चांगली रुळली आहे. त्या एका फोटोचा हिशेब मांडून पाहू. साधा मोबाइलही ४००० बाय ३००० पिक्सेलचे चित्र घेतो. म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकाला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा एकेक बाइट. एकूण ३ कोटी ६० लाख बाइट. फोन ते जेपेग या फाइलच्या स्वरूपात साठवताना साधारण ४ एमबीवर आणतो. गिऱ्हाईक लोकलच्या डब्यात असेल आणि नेट सेकंदाला २ मेगाबिटने चालत असेल, तर हे ४ एमबी उतरायला १६ सेकंद लागतात. तोच फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपीमध्ये बदलला, तर तो १५० केबीच्या आसपास बसतो आणि सेकंदाच्या आत दिसतो. पेटीतला आंबा पडद्यावर तितकाच देखणा राहतो. मग मधल्या मध्ये जे गेले ते काय होते, आणि गेलेले डोळ्याला कळले का नाही? या विद्याशाखेचा मूळ प्रश्न एवढाच आहे, आणि तो वाटतो त्याहून खोल आहे.

उत्तराचा मोठा भाग एका भारतीय माणसाने दिला. १९४० साली बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. चित्रातली माहिती कोसाइन लहरींमध्ये फोडून मांडता येईल, ही कल्पना घेऊन त्यांनी १९७२ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते नामंजूर झाले. तरी त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा छोटासा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९२ साली जेपेगचे मानक ठरले ते याच गणितावर. आज जगातल्या बहुतेक फोनमधला फोटो या निबंधाच्या आधाराने साठवला जातो, आणि आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गात त्यांचे नावही क्वचितच घेतले जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

गणिताचे मर्म कोणालाही समजण्याजोगे आहे. जेपेग आधी उजळपणा आणि रंग वेगळे करते. उजळपणातला फरक आपला डोळा बारकाईने टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाची माहिती बहुधा निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीत साठवली जाते. मग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातल्या ६४ पिक्सेलऐवजी ६४ लहरींचे वजन लिहिले जाते. पहिली संख्या त्या चौकोनाची सरासरी, पुढच्या संख्या क्रमाने अधिकाधिक बारीक चढउतारांच्या. या संख्यांना ठरावीक अंकांनी भागून जवळच्या पूर्णांकात आणले की बारीक लहरींच्या बहुतेक संख्या शून्य होतात. शून्यांची लांब रांग थोडक्यात लिहिता येते. नुकसान होते ते मुख्यतः या भागाकारात. ते किती करायचे हे ‘क्वालिटी’च्या आकड्याने ठरते.

इथे रत्नागिरीची भूमी मोठी शिक्षक ठरते. भाट्याच्या किनाऱ्यावरून टिपलेले निरभ्र आकाश आणि शांत समुद्र यांत बारीक चढउतार जवळजवळ नसतात. अशी फाइल झटकन लहान होते. जांभ्या दगडाचे तसे नाही. जांभा छिद्राछिद्रांचा, खडबडीत, प्रत्येक छिद्राला स्वतःची सावली. त्याच आकाराचा, त्याच क्वालिटीचा जांभ्याच्या भिंतीचा फोटो सहज दुप्पट-तिप्पट भरतो. आणि या जांभ्याच्या सड्यावरच, म्हणजे उघड्या कातळपठारावरच तर कोकणची कातळशिल्पे आहेत. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथली शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीची हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. तिच्या आत इतर प्राणी कोरलेले आहेत. ही कोरीव रेघ उथळ असते. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडले की रेघेच्या काठावर सावलीची एक बारीक पट्टी उमटते, आणि फोटोत आकृती ओळखू येते ती त्या पट्टीवरूनच. ढोबळ आकडा लावून कॉम्प्रेशन केले, तर खडकाची खरखर आणि कोरलेल्या रेघेची सावली दोन्ही एकाच न्यायाने पुसली जातात. यंत्राच्या लेखी दोन्ही बारीक लहरीच आहेत. त्यांतली कोणती हजारो वर्षांपूर्वी माणसाच्या हाताने कोरली आहे, हे पाहणाऱ्याने ठरवायचे असते. माझ्या मते हा सबंध विषय या एका जबाबदारीभोवती उभा आहे: काय टाकायचे ते ठरवणाऱ्याला चित्रात मोलाचे काय आहे हे माहीत हवे.

स्वरूपांची नावे पाठ करून मात्र फारसे साधत नाही. १९८७ चे गिफ २५६ रंगांपुरते मर्यादित. पीएनजी १९९६ पासून; काहीच टाकत नाही, म्हणून रेखाचित्रे आणि बोधचिन्हांना उत्तम, फोटोला जड. गूगलने २०१० मध्ये आणलेले वेबपी शेजारच्या भागावरून पुढचा भाग कसा असेल याचा अंदाज बांधते आणि चुकलेला फरक तेवढा लिहिते. गूगलच्या स्वतःच्या मोजणीनुसार तोलामोलाच्या जेपेगपेक्षा फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते. २०१९ चे एव्हिफ हाच विचार आणखी पुढे नेते. वेबपीत माहिती टाकणारे कॉम्प्रेशन करताना रंगाचे तपशील निम्म्या रुंदी-उंचीवर येतातच. एव्हिफमध्ये ते पूर्ण ठेवण्याची सोय आहे. पिकल्या हापूसची केशरी कड हिरव्या पानाला भिडते तिथे हा फरक मोठा करून पाहावा, चटकन पटेल.

स्वरूप निवडण्याआधी माप ठरवावे, असा माझा आग्रह आहे. पडद्यावर १२०० पिक्सेलच दिसणार असतील तर ४००० पाठवण्यात अर्थ नाही. लांबीरुंदी नेमकी केली की पिक्सेल अकरा पटींनी कमी होतात, आणि एवढी बचत नुसते स्वरूप बदलून क्वचितच होते. दुसरी गोष्ट मराठी वेबसाइटवर फार आढळते. डझनाचे आणि पेटीचे दर, मुक्कामाच्या खोल्यांचे नियम, मंदिराच्या उत्सवाची पत्रिका, सगळे चित्र करून टाकलेले असते. जेपेगमध्ये अक्षरांच्या कडांभोवती धूसर ठिपके उमटतात, मात्रा आणि अनुस्वार फिसकटतात, शोधयंत्राला मजकूर नीट मिळत नाही आणि अंध वाचकाचे वाचनयंत्र बहुधा मुके राहते. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. ५०० चिन्हांचे दरपत्रक म्हणजे दीड हजार बाइट. त्याच्या चित्राला शेकडो केबी मोजावे लागतात. सगळ्यात हलके चित्र ते, जे चित्र करण्याची गरजच नव्हती.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत आधीच लहान केलेली असते. ती पुन्हा जेपेग, पुन्हा वेबपी, अशी फिरवली की दर वेळी थोडे थोडे हरवत जाते आणि हरवलेले परत येत नाही. मूळ हवे असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवावे. फोटोच्या फाइलीत काढल्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. उघड्या सड्यावरच्या, राखण नसलेल्या शिल्पाचा फोटो जगासमोर ठेवताना ही नोंद काढून टाकणे हे संरक्षणाचेच काम आहे.

पुढची प्रकरणे वाचायला गणिताची पदवी लागत नाही. शाळेतली त्रिकोणमिती आणि निरखून पाहणारा डोळा पुरे. शिकायला बसण्याआधी स्वतःच तीन फोटो काढा: समुद्राचा, जांभ्याच्या भिंतीचा आणि एखाद्या मराठी पाटीचा. तिघांना क्वालिटीचा एकच आकडा लावा, फायलींचे आकार लिहून ठेवा आणि तिन्ही पूर्ण मापात उघडून बघा. मूळ फायली मात्र आधी वेगळ्या फोल्डरमध्ये सुरक्षित ठेवा.