‘बोर्ड’ आणि ‘बेंच’ : एका शब्दाचे अनेक अर्थ

शिरूर अनंतपाळ येथील विद्यार्थ्याची दहावीची गुणपत्रिका लातूरच्या विभागीय ‘बोर्डा’कडून येते. त्याच गावातील जमिनीचा वाद उच्च न्यायालयात गेला, तर तो छत्रपती संभाजीनगरच्या ‘बेंच’पुढे चालतो. सामान्य माणसाच्या आयुष्यावर अधिकार गाजविणारे हे दोन्ही इंग्रजी शब्द मुळात लाकडी वस्तूंची नावे आहेत. ‘बोर्ड’ म्हणजे फळी आणि ‘बेंच’ म्हणजे बसण्याचे लांब बाक.

फळीचे जेवणाचे टेबल झाले आणि पुढे टेबलावर वाढलेल्या अन्नालाही ‘बोर्ड’ म्हटले जाऊ लागले. ‘बोर्डिंग-लॉजिंग’मधील पहिला शब्द जेवणाचा, तर दुसरा मुक्कामाचा आहे. वसतिगृहाला ‘बोर्डिंग’ म्हणण्याचा प्रघात यातूनच पडला. टेबलाभोवती विचारविनिमयासाठी बसणाऱ्यांचे ‘मंडळ’ हाही ‘बोर्ड’च, परीक्षा मंडळ आणि संचालक मंडळ ही त्याची परिचित उदाहरणे होत. जहाजाच्या बाजूसही हाच शब्द असल्याने जहाजावर चढणे म्हणजे ‘ऑन बोर्ड’ जाणे. ‘अबव्ह बोर्ड’ व्यवहार म्हणजे पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर ठेवावेत, तसा उघड आणि प्रामाणिक व्यवहार.

‘बेंच’चा प्रवासही असाच झाला. न्यायाधीशांच्या आसनावरून तो शब्द खुद्द न्यायाधीशांना लागू झाला. ‘बेंच’ आणि ‘बार’ अशी जोडी येते तेव्हा पहिला शब्द न्यायाधीशांसाठी आणि दुसरा वकीलवर्गासाठी असतो. इटलीतील सराफांच्या बाकावरून ‘बँक’ हा शब्द आला. तो ‘बेंच’चा नातलगच आहे. मैदानावर ‘बेंच’वरचा खेळाडू राखीव असतो, तर संगणक कंपनीत ‘बेंच’वरचा कर्मचारी पगारावर असूनही प्रकल्पाविना असतो.

मराठीत ‘खंडपीठ’ या प्रतिशब्दानेही दोन अर्थ घेतले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचे १९८१ मध्ये औरंगाबाद येथे सुरू झालेले खंडपीठ म्हणजे मुख्यालयाबाहेरील न्यायस्थान. पण ‘प्रकरण खंडपीठापुढे ठेवले’ या वाक्यात दोन न्यायमूर्तींचे पीठ अभिप्रेत असू शकते. एकाच न्यायमूर्तींसमोर सुनावणी असल्यास ‘एकलपीठ’ म्हणतात.

खरी गफलत न्यायालयातील ‘बोर्डा’मुळे होते. तेथे ‘बोर्ड’ म्हणजे मंडळ नव्हे की फलकही नव्हे; ती त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी होय. ‘मॅटर बोर्डावर नाही’ याचा अर्थ आज सुनावणी नाही, एवढाच. प्रकरण फेटाळले गेले, असा त्याचा अर्थ होत नाही. अडीचशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून आलेल्या पक्षकाराला हा भेद ठाऊक नसेल, तर तो विनाकारण हताश होऊन परततो.

शब्दाचा अर्थ ठरतो तो सोबतच्या शब्दांवरून. ‘बोर्डाचा निकाल’ म्हणजे गुण. ‘बेंचचा निकाल’ म्हणजे निवाडा.