लाख, कुरुंद आणि पोलाद

तलवारीची कीर्ती होते ती तिच्या पोलादामुळे आणि ती चालविणाऱ्या वीरामुळे. ज्या चाकावर तिची धार जन्मास येते, त्या चाकाची आठवण मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. बंगळूरच्या आसमंतातील पोलादाचा इतिहास पाहू गेल्यास या विस्मृतीचा प्रत्यय विशेषच येतो.

१६३८ च्या सुमारास बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि तो मुलूख मराठी माणसाच्या परिचयाचा झाला. लोखंड गाळण्याचा व्यवसाय तेथे पूर्वापार चालत आला होता. टिपूच्या पाडावानंतर एका वर्षाने, म्हणजे १८०० साली, फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने म्हैसूर प्रांतात प्रवास केला आणि पोलाद सिद्ध करण्याची रीत बारकाईने टिपून ठेवली. मातीच्या मुशीत लोखंडाचा तुकडा, त्याबरोबर तरवडाची काष्ठे आणि काही हिरवी पाने घालावयाची, मुशीचे तोंड मातीने लिंपावयाचे आणि भट्टीत प्रखर आच द्यावयाची, अशी ती रीत होती. चन्नपट्टणास याच पोलादाच्या तारा ओढल्या जात आणि तंतुवाद्यांवर चढविल्या जात. कानडीत या पोलादाला ‘उक्कू’ म्हणतात. युरोपात त्याचे ‘वूट्झ’ झाले, ते याच शब्दावरून असे मानले जाते.

युरोपच्या विद्वानांपर्यंत हे पोलाद पोहोचले ते मुंबईमार्गे. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये मुंबईहून त्याचे नमुने लंडनला धाडले. पुढील वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या शस्त्रकाराने त्याची पाती घडविली, आणि पुढे त्याच्याच सहकार्याने मायकेल फॅरेडे यांनी पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. पोलादाला अशी जगन्मान्यता मिळाली.

परंतु जे पोलाद इतके कठीण, त्याला धार तरी कशी लावावयाची? साध्या वालुकाश्मावर हे काम फार सावकाश होते. त्यासाठी कुरुंद हवा. खनिजांच्या काठिण्याच्या मापात कुरुंदाचा अंक नऊ आहे. त्याच्यावर दहाव्या स्थानी केवळ हिरा. हा दगड म्हैसूर प्रांतात आणि तमिळ मुलखात सापडतो. इंग्रजीतील त्याचे नावही तमिळ ‘कुरुंदम्’ या शब्दावरूनच आलेले आहे.

कुरुंद कुटून चाळला, म्हणजे त्याचे सुटे कण हाती येतात. या कणांना एका जागी धरून ठेवणारा बंध हवा. येथे भारतीय कारागिराने जे योजिले, त्यात त्याची खरी बुद्धी दिसते. त्याने लाख वितळविली, तीत कुरुंदाची पूड कालविली आणि त्या मिश्रणाचे चाक ओतले. ते लाकडी आसावर बसवून एकाने चामड्याच्या वादीने पुढेमागे फिरवावे आणि दुसऱ्याने पाते त्यावर टेकवावे, अशी ही जोडी. प्रथम भरड कणांचे चाक, मग बारीक कणांचे, आणि शेवटी चामड्यावर तेलात कालविलेली अतिसूक्ष्म पूड. प्रत्येक पायरीने मागच्या पायरीचे ओरखडे पुसावयाचे, आणि स्वतःचे त्याहून बारीक ओरखडे मागे ठेवावयाचे. झिलई म्हणतात ती यापरती निराळी नाही. पात्यातील पाण्याच्या लाटांसारखी नक्षीदेखील अशी झिलई झाल्यावाचून उमटत नाही.

लाखेत आणखी एक गुण आहे. ती किंचित लवचिक असल्याने कण पोलादात खोल रुतत नाहीत आणि पृष्ठभाग गुळगुळीत उतरतो. शिवाय ती शंभर अंशांच्या आतच मऊ पडते. पोलादाचे पाणी उतरावयास याहून कितीतरी अधिक उष्णता लागते. हात जड पडला, तर पाते बिघडण्यापूर्वी चाकच नरम पडावे, अशी ही सोय.

१८९१ मध्ये अमेरिकेत ॲचेसन यांनी कृत्रिम कार्बोरंडम सिद्ध केले आणि भट्टीत भाजलेल्या मातीच्या बंधाची चाके कारखान्यांतून सर्वत्र झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरास विमानांचा कारखाना उभारला, आणि १९५३ मध्ये तेथेच हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. यंत्राचे भाग घासून अचूक मापाला आणणे हे तेथले नित्याचे काम. तथापि आरशासारखी झिलई हवी असेल, तेव्हा आधुनिक यंत्रशास्त्रही लाखेच्या बंधाचे चाक वापरते. शिकलगाराची योजना कालबाह्य झाली नव्हती.

शिकलगाराचे दिवस मात्र पालटले. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर तलवारीचा व्यवहार आटला. तिला झिलई देणाऱ्या हातांवर विळे, सुऱ्या आणि कात्र्या परजण्याची पाळी आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील धातुशास्त्रज्ञ एस. रंगनाथन यांनी शारदा श्रीनिवासन यांच्यासह ‘उक्कू’चा इतिहास नव्याने उजेडात आणला, हे मोठेच कार्य झाले. पण त्या पोलादाचे तेज ज्याने प्रकट केले, तो कारागीर निनावीच राहिला. गल्लीत चाक फिरवीत ‘धार लावायची का’ म्हणून पुकारणारा माणूस त्याच परंपरेचा वारसदार आहे, एवढे ओळखले तरी त्या निनावी हातांचे थोडे ऋण फिटेल.