उत्तरासाठी सोडलेली जागा

मी पहिलीत गेले ते २००३ साली. शिरूर तालुक्यातल्या पाबळकडच्या कोरडवाहू पट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक. त्यातल्या बाईंकडे एक टेपरेकॉर्डर होता. इंग्रजीच्या तासाला त्या तो टेबलावर ठेवायच्या, कॅसेट घालायच्या आणि आम्हाला हाताची घडी घालून बसवायच्या. टेपमधला आवाज इंग्रजीत काहीतरी विचारायचा आणि मग गप्प व्हायचा. चार-पाच सेकंद नुसती खरखर. त्या खरखरीत आम्ही सगळ्यांनी एका सुरात उत्तर द्यायचं. मग तोच आवाज बरोबर उत्तर सांगायचा आणि आमचं चुकलेलं असलं तरी शाबासकी द्यायचा.

पुढे इंजिनीअर झाले, पुण्यात नोकरी लागली. परदेशातल्या क्लायंटबरोबरच्या पहिल्याच कॉलवर एका माणसाने माझं नाव घेऊन प्रश्न विचारला. कोड मीच लिहिलेला होता, उत्तर मला येत होतं. चार-पाच सेकंद गेली. मग आमच्या टीम लीडने माझ्या वतीने उत्तर दिलं आणि कॉल पुढे सरकला. मी लॅपटॉपकडे बघत बसले. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली मी. तरी तोंड का उघडलं नाही?

तेव्हापासून मी या एका प्रश्नामागे आहे. आमच्या भागात इंग्रजी शिकायला काय काय साधनं आली, आणि त्या प्रत्येक साधनाने मुलाच्या उत्तरासाठी किती जागा सोडली?

छावणी, जंक्शन आणि केडगाव

शिरूरमध्ये इंग्रजी पेशवाई बुडायच्या आधीच आली होती. घोड नदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस १८०९ साली वारला, त्याचं थडगं आजही गावात आहे. भीमेच्या काठच्या दौंडला इंग्रजी रेल्वेबरोबर आली. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंडचं जंक्शन झालं. दोन्हीकडची इंग्रजी हुकमाची, तारेची आणि अर्जाची. गावकऱ्याने ती ऐकायची, फार तर लिहून घ्यायची.

ज्याला नोकरीसाठी शिकायची होती, त्याच्या हातात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. कित्येक पिढ्या या पुस्तकावर शिकल्या. मास्तर नसला तरी चालेल असं हे आपल्याकडचं बहुधा पहिलं लोकप्रिय साधन. त्यातून वाचता-लिहिता यायचं. बोलायला मात्र समोर कोणी नसायचं.

याच दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती मराठीत, तिचं इंग्रजी भाषांतर झालं. त्याच सुमाराला पुण्यात त्या इंग्रजी शिकू लागल्या. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथून अमेरिकेला. १८८७ साली त्यांचं 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. पाच वर्षांत दुभाष्यापासून स्वतःच्या पुस्तकापर्यंत. तेव्हा त्या साधारण माझ्याच वयाच्या होत्या.

रमाबाई असामान्य बुद्धीच्या होत्या, अनेक भाषा जाणत होत्या, हे खरंच. पण मला आणखी एक गोष्ट दिसते. त्यांच्या समोर बसलेल्या लोकांना हिंदू विधवेच्या आयुष्याबद्दल काहीच माहीत नव्हतं आणि ते त्यांना रमाबाईंकडूनच ऐकायचं होतं. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

पहिलीपासून, पण शिकवणार कोण?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू करायचं धोरण आलं. पुढे महाराष्ट्रात ती पाचवीपासून शिकवली जाऊ लागली. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी ती मराठी शाळांत पहिलीपासून आणली. मोठा वाद झाला. मातृभाषा पक्की होण्याआधी परकी भाषा कशाला, असं एका बाजूचं म्हणणं. शहरातल्या पोरांना मिळतं ते वाडीवरच्या पोरांना का नको, असं दुसऱ्या बाजूचं.

दोन्ही बाजूंच्या मधे आमच्या बाई उभ्या होत्या. त्या स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या, तीही व्याकरण आणि भाषांतराच्या वाटेने. आता त्यांनी सहा वर्षांच्या मुलांशी इंग्रजीत बोलायचं होतं. राज्यातल्या हजारो शिक्षकांची हीच गत होती. साधनांची खरी गरज इथून सुरू झाली. शिक्षकाच्या तोंडात नसलेली भाषा वर्गात आणायची कशी?

रेडिओ थांबतो, टीव्ही थांबत नाही

यावर एक हुशार उत्तर आधीच सापडलेलं होतं. निकाराग्वात १९७० च्या दशकात गणितासाठी आणि केनियात १९८० च्या दशकात इंग्रजीसाठी रेडिओचा एक वेगळा प्रयोग झाला. कार्यक्रमातला आवाज प्रश्न विचारतो आणि मुद्दाम थांबतो. त्या रिकाम्या जागेत वर्ग उत्तर देतो. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगतो. रेडिओला काहीच ऐकू येत नसतं, पण मुलांना वाटतं की तो ऐकतोय. शिक्षिकाही मुलांबरोबरच शिकते. पुण्याच्या 'सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस' या संस्थेने मराठी शाळांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हा कार्यक्रम याच पद्धतीने तयार केला. आमच्या टेपमधली खरखर म्हणजे काय होतं, ते मला हे वाचल्यावर वीस वर्षांनी कळलं. ती पट्टी खराब नव्हती. ती जागा आमच्यासाठी सोडलेली होती.

टीव्हीने मात्र ही जागा काढून टाकली. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम माझ्या आधीच्या पिढीला आजही आठवतात. चित्रं हलायची, गाणी असायची. पण टीव्ही कोणासाठी थांबत नसे, आणि कार्यक्रमाच्या वेळी वीज असेलच याची आमच्याकडे खात्री नसे. २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली.

तोवर साधन खिशात आलं होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पुस्तकांत ते आले आणि २०२० साली डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळालं. २०१७ मध्ये केंद्राचं 'दीक्षा' आलं. कोड स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ सुरू. करोनात शाळा बंद झाल्या तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर रोज दीक्षाच्या लिंका यायच्या, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. त्या काळात या साधनांनी गावोगावच्या मुलांचा अभ्यासाशी धागा तुटू दिला नाही, हे विसरता येणार नाही. पण व्हिडिओ म्हणजे शेवटी छोटा टीव्हीच. लाइक आणि शेअरसाठी त्यात जागा आहे, मुलाच्या वाक्यासाठी नाही.

टॅब आणि टॅबच्या आजूबाजूची माणसं

आमच्याच तालुक्यात शिक्रापूरजवळ वाबळेवाडी आहे. जिल्हा परिषदेची ही शाळा दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी मिळून उभी केली. काचेच्या वर्गखोल्या, मुलांच्या हातात टॅब, सौर ऊर्जा. इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बस वाडीवस्तीवरून पोरं उचलत होत्या आणि झेडपीच्या शाळांचा पट गळत होता. त्याच काळात या शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावू लागले.

बातम्यांत टॅबचे फोटो जास्त आले. मला त्यातली 'विषयमित्र' ही पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं. म्हणजे टॅबवर काही पाहिलं की ते लगेच कोणाला तरी सांगावं लागतं, आणि ऐकणारा मधेच 'म्हणजे काय?' असं विचारतो. गुरुजींनी पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेतही हाच मार्ग धरला आणि २०२५ साली ती शाळा जागतिक उत्कृष्ट शाळा पुरस्काराच्या यादीत पोचली.

फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत आणखी एक प्रयोग झाला. सुगत मित्र यांना २०१३ साली टेड पुरस्कार मिळाला, त्यातून उभ्या राहिलेल्या केंद्रांपैकी एक तिथे होतं. इंग्रजी बोलणारे लोक घरबसल्या व्हिडिओ कॉलवरून मुलांशी गप्पा मारत. त्यात निवृत्त शिक्षिका आणि आज्या होत्या, म्हणून नावच पडलं 'ग्रॅनी क्लाउड'. त्या काही शिकवत नसत. विचारायच्या, ऐकायच्या, नवल करायच्या. त्या आजीला खरोखरच ठाऊक नसायचं की बैलपोळ्याला काय करतात.

ऐकणारं यंत्र

२०१९ मध्ये गुगलने 'बोलो' नावाचं अ‍ॅप आणलं, पुढे त्याचं नाव 'रीड अलाँग' झालं. मूल मोठ्याने वाचतं, आणि 'दिया' नावाचं पात्र ऐकून अडलेला शब्द सांगतं. रेडिओला जे जमत नव्हतं ते इथे जमलं. यंत्राला ऐकू येऊ लागलं.

माझा धंदाच हा, म्हणून आत काय चालतं ते सांगते. मोकळं बोलणं ओळखणं यंत्राला अवघड जातं. लहान मुलांचे आवाज, आपला 'व', वर्गातला गोंगाट, सगळं आडवं येतं. पण वाचनाच्या अ‍ॅपला पडद्यावरचं वाक्य आधीच माहीत असतं. मुलाने कोणता शब्द उच्चारला हे त्याला शोधायचं नसतं, अपेक्षित शब्द आला की नाही एवढंच जुळवायचं असतं. म्हणून ते साध्या फोनवर, इंटरनेट नसतानाही चालतं. कल्पना उत्तम आहे, वाचन सुधारायला उपयोगी आहे.

पण इथेच मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पाठमालेला, कॅसेटला, अ‍ॅपला माझं उत्तर आधीच ठाऊक होतं. बारा वर्षं मी ठाऊक असलेली उत्तरंच परत देत आले. त्या क्लायंटला उत्तर ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला इंग्रजीत असं काही विचारलं होतं जे फक्त मलाच माहीत होतं. त्याची सवयच नव्हती. रमाबाईंना मात्र पाच वर्षं असेच लोक भेटत गेले. हल्लीची एआयवाली अ‍ॅप मोकळ्या गप्पाही मारतात. तरी आमच्या शेळीचं नाव काय, हे जाणून घ्यायची गरज त्यांना पडत नाही.

माझी बहीण दौंड तालुक्यात दिली आहे, पारगावच्या बाजूला. भाची पाचवीत, झेडपीच्या शाळेत, सेमी इंग्रजी. वाचनाच्या अ‍ॅपमध्ये तिने ढिगाने तारे मिळवलेत. गेल्या दिवाळीत मी न्हावऱ्यावरून तिच्याकडे गेले आणि इंग्रजीत विचारलं, शाळा कशी आहे? ती गप्प. चार-पाच सेकंद. मला ती खरखर ऐकू आली.

आता दर रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं व्हिडिओ कॉल. ती आणि शेजारच्या दोन मैत्रिणी. नियम एकच, ज्याचं उत्तर मला माहीत आहे ते मी विचारायचं नाही. मी कोरडवाहू भागातली, गुऱ्हाळ कधी जवळून पाहिलेलं नाही. तिच्या घरामागेच एक आहे. मी इंग्रजीत विचारलं, गूळ झाला हे गुळव्याला कसं कळतं?

ती थांबली. मीही थांबले. मैत्रिणीने काहीतरी कानात सांगितलं, तिने मान हलवून ते नाकारलं. मग म्हणाली, "मावशी, ही पुट लिटल इन वॉटर. कोल्ड वॉटर. बॉल कम, देन स्टॉप फायर."

"अँड नो बॉल?" मी विचारलं.

"देन वेट," ती म्हणाली.