वरीच्या दाण्याएवढी साक्ष

कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या भिंतींना बाहेरून कुर्ल्याचा दगड आहे, पण खांब आणि कमानी पोरबंदरी दगडाच्या आहेत. १८५८ मध्ये पवित्रीकरण झालेल्या या वास्तूचा पहिला दगड ज्वालामुखीतून आलेला, दुसरा चुनखडीचा. मुंबईचे कातळ मुख्यतः लाव्ह्याचे. तेव्हा असा चुनखडीचा चिरा समुद्रमार्गे बाहेरून आला, हे ओळखणे सोपे. पण नेमका कुठून? बांधकामाचे कागद हाती असतील तर प्रश्न मिटतो. नसतील तर दगडालाच विचारावे लागते.

त्यासाठी दगडाचा तुकडा घासून ०.०३ मिलिमीटर इतका पातळ करतात. मग त्यातून प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय सागरी जीवांची कवचे दिसू लागतात. काळागणिक त्यांच्या जाती बदलल्या. म्हणून त्यांच्या समूहावरून खडकाचे वय ठरते आणि वयावरून संभाव्य खाणींची यादी आखडते.

पोरबंदरी दगडाचे शास्त्रीय नावच अशा कवचांवरून पडले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मुंबईत असलेले शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर यांनी १८४९ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात काठेवाडच्या या खडकाविषयी लिहिले. त्यातील ‘मिलिओलिड’ कवचांवरून त्यांनी त्याला ‘मिलिओलाइट’ म्हटले. मूळ लॅटिन शब्द ‘मिलियम’, म्हणजे वरीसारखे बारीक धान्य.

मात्र एवढ्यावर निकाल देता येत नाही. पॅरिसच्या जुन्या वास्तूंना लागलेली चुनखडीही मिलिओलिड कवचांनी भरलेली आहे. ती सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीची. पोरबंदरची मात्र प्लाइस्टोसिन काळातली, म्हणजे भूविज्ञानाच्या हिशेबात कालपरवाची. कूळ एकच, पण जाती वेगळ्या. कूळ ओळखून थांबणारा फसतो. जातींपर्यंत जाणारा वाचतो.

जात कळली तरी एक अडचण उरते. १९०० मध्ये जे. डब्ल्यू. इव्हान्स यांनी जुनागढ परिसरातील या चुनखडीचा अभ्यास करून सांगितले, की किनाऱ्यावरच्या कवचांची वाळू वाऱ्याने उडवून नेली आणि तिचे थर साचले. म्हणूनच हा सागरी कवचांचा दगड किनाऱ्यापासून दूर, टेकड्यांच्या उतारांवरही सापडतो. सारखीच कवचे सौराष्ट्रात दूरवर विखुरलेली असतील, तर केवळ त्यांच्या आधारे एका खाणीवर बोट ठेवता येत नाही. त्यासाठी कणांची गोलाई, त्यांना जोडणारा चुना आणि खनिजांचे प्रमाणही पाहावे लागते.

सूक्ष्मजीवाश्म ‘हा दगड तिथला नाही’ हे जितक्या ठामपणे सांगतात, तितक्या ठामपणे ‘हा इथलाच’ असे क्वचितच सांगतात. इतिहासकाराला ही मर्यादाही उपयोगाची आहे, कारण चुकीची परंपरा खोडून काढायला नकारही पुरतो. आणि आज त्या कमानींचा एखादा चिरा झिजून बदलायची वेळ आली, तर केवळ रंग जुळवून चालत नाही. जुन्या शेजाऱ्याबरोबर ओल आणि ऊन सारखेच सोसणारा दगड लागतो. तो शोधताना नखाएवढा नमुना आधी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर निदान परका दगड तरी वास्तूत शिरणार नाही.