ज्वारीचं इंजिन आईकडचं

रब्बी ज्वारीला जमिनीतल्या ओलीवरच कणीस भरायचं असतं. ओल तुटली की पान रंध्रं मिटून घेतं, ऊन मात्र तापतच राहतं. अशा वेळी पेशीतलं इंजिन, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, जादा ताण दुसऱ्या वाटेनं सोडतं. नाहीतर पेशी आतूनच करपते.

हे इंजिन दाण्यात आईकडूनच येतं. हायब्रीड ज्वारी ह्याच गोष्टीवर उभी राहिली. १९५४ साली अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी दाखवलं, की मायलो ज्वारीच्या इंजिनावर काफिर ज्वारीचं केंद्रक बसवलं तर दोघांचं जुळत नाही, पराग वांझ होतात. मग काय, हातानं फुलं खुडायची कटकट गेली, संकरित बी ढिगानं निघायला लागलं. १९६४ ला आपल्याकडं आलेली सीएसएच-१ त्याच मायलो आईची.

हायब्रीडनं खरीप जिंकला. रब्बीत मात्र मोहोळला १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ हलली नाही. मीही तीच पेरतो, कडब्यासाठी पण. अर्थात दुष्काळ सोसायचे बरेच गुण केंद्रकात असतात, सगळं श्रेय इंजिनाला नको.

काळजी वेगळीच आहे. १९७० ला अमेरिकेत बहुतेक मका एकाच 'टेक्सास' आईचा होता. करपा आला, देशाचा साधारण १५ टक्के मका गेला. दोष मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकात निघाला. आपल्या हायब्रीड ज्वारीचीही आई बहुतेक मायलोच. मालदांडीच्या इंजिनावरची वांझ ओळ शास्त्रज्ञांनी काढलीय, पण तिला पराग परत देणारे बाप फार थोडे सापडतात.