घराचं छप्पर बदलायचंय? किती दिवस लागतात, ते आधी मोजा

अहिल्यानगर : उन्हाळा लागला की गावोगावी छपरांची कामे निघतात. पण 7 जूनला मृग लागतो आणि त्याआधीच मे महिन्यात वळवाचा पाऊस, वादळ येते. छप्पर उघडे असताना पाऊस गाठला तर धान्य, अंथरूण आणि भिंती तिन्ही जातात. म्हणून दिवस मोजूनच जुने छप्पर काढा.

पत्र्याचे छप्पर
खालचा सांगाडा चांगला असेल तर दोन खोल्यांचे पत्रे एक-दोन दिवसांत बदलतात. नवीन अँगल, पाईप वेल्डिंग करायचे असेल तर चार-पाच दिवस धरा. हुक पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात मारला तर पाणी गळते. पत्र्यावर नुसते दगड ठेवू नका, वादळात तेच अंगावर येतात.

कौलारू घर
अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात पाऊस जोरदार. तिथे वासे, रीप तपासून कौले चाळायला दोन-तीन दिवस लागतात. वासे कुजले असतील तर आठवडा लागतो. मे अखेरपर्यंत काम उरका.

माळवद काढून स्लॅब
पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे जुनी धाब्याची घरे आहेत. त्यांचा हिशोब असा :
- माती, लाकूड उतरवणे : 2 ते 3 दिवस
- सेंटरिंग आणि सळई बांधणे : 5 ते 7 दिवस
- स्लॅब भरणे : 1 दिवस
- पाणी मारणे : पीपीसी सिमेंट असेल तर कडक उन्हात किमान 14 दिवस
- टेकू काढणे : 14 ते 21 दिवसांनी

म्हणजे एकूण तीन ते साडेचार आठवडे. स्लॅब भरायचे काम एका दिवसाचे, पण खरा वेळ पाणी मारण्यात आणि थांबण्यात जातो. सेंटरिंगवाल्याला दुसरीकडे साहित्य न्यायचे असते म्हणून तो घाई करतो. तुम्ही ऐकू नका. कच्च्या स्लॅबचे टेकू काढले तर जीवावर बेतते.

पाच इंची स्लॅबचे वजन चौरस फुटाला जवळपास 30 किलो भरते. मातीच्या भिंतीवर तो टाकू नका. आधी इंजिनिअरला भिंती दाखवा.

कधी सुरू करायचे?
पत्र्याचे काम 15 मेच्या आत आणि स्लॅबचे काम एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुरू करा. मे महिन्यात मिस्त्री मिळत नाहीत. घरकुल मिळणार असेल तर जुने घर पाडण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. कोणतेही काम असो, सगळे साहित्य दारात आल्याशिवाय छपराला हात लावू नका आणि मोठी ताडपत्री जवळ ठेवा.