गाण्याचे सामान

आमच्या भागात संगीताच्या इतिहासावर बोलायला कोणी उभे राहिले की ते हमखास गायकांवर बोलतात. कुंदगोळ, हुबळी, धारवाड, मिरज, कोल्हापूर ही गावे एका दमात घेतली जातात, घराणी सांगितली जातात, आठवणींना उजाळा दिला जातो. ते योग्यच आहे. पण ते गाणे ज्या पेट्यांतून, गोणपाटांतून आणि मालगाडीच्या डब्यांतून गावोगाव पोचले, त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. मी गायक नाही, वादकही नाही. बेळगावातल्या एका हौशी संगीत मंडळात बरीच वर्षे मी सामान सांभाळले. तंबोरे, पेट्या, तबले, माईक, कर्णे आणि मुख्य म्हणजे वायरी. तेव्हा मला जो इतिहास ठाऊक आहे तो हमालाच्या खांद्यावरून दिसलेला आहे. वाचकांनी तो तसाच घ्यावा.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून होते. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली पुण्यात त्यांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, त्या वेळी बेळगावला आगगाडी पोचलेलीही नव्हती. नाटक मंडळीचा प्रवास म्हणजे बैलगाड्यांचा तांडा. त्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेचा रस्ता पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा असा झाला आणि नाटक कंपन्यांचे सारे अर्थकारणच बदलले. पडदे, कपडेपट, स्वयंपाकाची भांडी आणि वाद्ये असे बिऱ्हाडच्या बिऱ्हाड मालडब्यात चढवता येऊ लागले. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली ‘ललितकलादर्श’ काढली ती हुबळीत. पुण्यामुंबईपासून इतक्या दूर मराठी नाटक कंपनी जन्माला येऊन जगू शकली, याचे श्रेय आपण कलेला देतो. थोडे रुळांनाही द्यायला हवे.

त्या रुळांतच एक मेख होती. मुंबईहून पुण्यापर्यंत जी.आय.पी. रेल्वेचा रुंद मार्ग, साडेपाच फुटांचा. पुण्याच्या खाली मीटरगेज. म्हणजे मुंबईचा मुक्काम हलवून कंपनी बेळगावकडे निघाली की पुण्याला सगळे सामान एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवायचे. हे एकदा नव्हे, दर दौऱ्याला. १९७१ साली पुणे–मिरज–कोल्हापूर रस्ता रुंद झाला आणि ही अदलाबदल पुण्याहून मिरजेला आली. मिरजेत तर त्या काळी तीनही मापांचे रूळ होते. पंढरपूरकडचा अरुंद, कोल्हापूर-पुण्याचा रुंद, बेळगावचा मीटर. मिरज–लोंढा रस्ता १९९० च्या दशकात रुंद झाला तेव्हा कुठे ही उतरचढ संपली. ज्यांनी मिरज स्टेशनात पहाटे डोक्यावर ट्रंक घेऊन फलाट बदलला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ट्रंकेला त्याचे काही वाटत नाही. तंबोऱ्याला वाटते.

तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळलेले फळ. मिरजेचे कारागीर ते भोपळे पंढरपूरच्या बाजूने आणतात. दीडशेहून अधिक वर्षे चालत आलेल्या या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकन मिळाले म्हणून भोपळा काही लोखंडाचा होत नाही. प्रवासाला निघताना तारा उतरवायच्या, घोडी जागची हलणार नाही असे पाहायचे, भोपळ्याखाली गादी द्यायची आणि तंबोऱ्यावर दुसरे काहीही ठेवायचे नाही. म्हणूनच गवई तंबोरा मालडब्यात टाकत नसत, जवळ ठेवीत. मिरजेला स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले असता वाटेत प्रकृती बिघडली म्हणून सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर उतरले. तिथेच फलाटावर तंबोरा जुळवून त्यांनी ईश्वराची आळवणी केली आणि देह ठेवला. ही गोष्ट आपण भक्तीची म्हणून सांगतो. मला मात्र दर वेळी वाटते, त्या रात्री तंबोरा हाताशी होता. कोणीतरी तो हाताशी राहील असा ठेवला होता.

पेटीचे दुखणे निराळे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. तिच्या संस्थापकांतले गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक. पुढे त्या कंपनीत साथीला ऑर्गन आला, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. हातपेटीचा भाता बांधून, कापडात गुंडाळून ती एका माणसाला नेता येते. ऑर्गन हे कपाटच. उचलायला चार माणसे, आणि चारही एका वेळी बसली-उठली पाहिजेत. शिवाय त्याची ओढ आतल्या बाजूला. भाता हवा आत खेचतो, ती सुरांच्या पट्ट्यांवरून जाते, आणि हवेबरोबर धूळही जाते. पितळेच्या पातळ पट्टीवर एक कण बसला की तो सूर मुका होतो किंवा घरघरतो. बैलगाडीच्या रस्त्याने आलेला ऑर्गन मुक्कामी पोचल्यावर उघडून झाडावा लागे. तबल्याचे वैरी दोन, ऊन आणि ओल. उन्हात चामडे ताणून चढते, ओलीत उतरते. म्हणून तबले सावलीत, कापडी कड्यांवर, आणि पावसाळ्यात घोंगडीत.

ही सारी विद्या कोठे लिहिलेली नाही. ती कंपनीच्या गड्यांकडे होती. आणि हे गडी कोण, तर बहुतेक आपल्यासारखेच, घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलणारे. रंगमंचावर मराठी पद चाललेले असताना मागे दोर ओढणारा कानडीत मोजत असे, हे आमच्या भागात कुणाला नवल वाटण्यासारखे नाही.

त्या काळी वायर मुळीच नव्हती. आवाज फेकायचा तो गळ्याने. केशवराव भोसल्यांचा उंच पट्टीतला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात असे, अशी त्यांची ख्याती. कोल्हापूरचे पॅलेस थिएटर १९१५ साली उभे राहिले. पुढे त्याला केशवरावांचेच नाव दिले गेले आणि २०२४ च्या ऑगस्टात ते आगीत सापडले. तशी नाट्यगृहे आवाजाचा विचार करून बांधलेली असत. पण नाटक आणि गाणे काही नाट्यगृहातच होत नव्हते. ते तट्ट्यांच्या मांडवात, देवळाच्या आवारात, शेतातल्या खळ्यावरही होई. तिथे आवाज अडवायला भिंत नसे.

१९३० नंतरच्या दशकात बोलपट आला. कंपन्या मोडकळीला आल्या आणि त्याच सुमारास माईक व कर्णे आले. पडद्यांचे ओझे कमी झाले, तर विजेचे वाढले. आमच्या लहानपणी लाऊडस्पीकरवाला येई तो दिव्यांचे ‘मशीन’ घेऊन. आतले काचेचे दिवे तापल्याशिवाय आवाज येत नसे आणि प्रवासात धक्का बसला तर ते कायमचे जात. मशीन म्हणूनच मांडीवर घेऊन बसायचे. ज्या खेड्यात वीज नाही तिथे मोटारीची बॅटरी. गावभर कर्णे बांधायचे तर मशीनच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज चढवून पाठवी, म्हणून साध्या बारीक वायरीतूनही आवाज दूरच्या चिंचेपर्यंत जाई. माईकची वायर मात्र नाजूक. तिच्यातून जाणारा विजेचा अंश इतका लहान की शेजारून दिव्याची वायर गेली तरी तिचा गुंजारव आत शिरतो.

हे मला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. ज्या माईकवाल्या मामांकडून आम्ही सामान भाड्याने घेत असू त्यांनी शिकवले. ते धारवाडकडचे, घरची भाषा कानडी. मी शाळामास्तर म्हणून मला ते मास्तर म्हणत. पहिल्याच दिवशी मी वायर कोपर आणि पंजाभोवती गुंडाळू लागलो, तशी त्यांनी हातातून काढून घेतली. म्हणाले, “मास्तर, वायर म्हंजे दोरी न्हवं. तिला तिचा वळ असतोय. तो मोडला की ती आतनं तुटतीय, वरनं दिसत न्हाई.” मग त्यांनी दाखवले. एक वेटोळे सरळ, दुसरे हात उलटा करून, पुन्हा एक सरळ. असे केले की पिळाला पीळ मारला जातो, आणि टोक धरून फेकली की वायर गाठ न पडता उलगडते. प्रत्येक वेटोळ्याला ते “वंदु, यरडु, मूरु” मोजत. किती वेटोळी झाली यावरून वायर किती फूट हे त्यांना कळे.

आता ज्या रात्रीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. साल १९७८, खानापूर तालुक्यातले एक गाव, कार्तिकातला कार्यक्रम. मामा आजारी होते. सामान मी भरले. वायरी जड नाहीत, कुठेही मावतात, म्हणून त्या पहिल्यांदा ट्रकच्या तळाशी टाकल्या. त्यावर कर्णे, सतरंज्या, पेटी, वर तबले-तंबोरे. ट्रक वाटेत थांबला आणि आम्ही रात्री आठला पोचलो. मंडळी जमून बसलेली. वायर काढायची तर अख्खा ट्रक रिकामा करणे आले. तेही केले. घाईत माईकची आणि दिव्यांची वायर एकाच सतरंजीखालून नेली. मशीन सुरू करताच असा घूंऽऽ आवाज निघाला की पोरे कान धरून हसू लागली. दुसरी वायर लावली, तर ती मध्येच खरखरून बंद. तीच, मी कधीतरी कोपराभोवती गुंडाळलेली.

बुवा वयस्कर होते. ते म्हणाले, “माईक राहू द्या हो. आम्ही माईकवर शिकलो नाही.” आणि ते गायले. मी पुढेच बसलो होतो. अंगावर काटा आला. तंबोऱ्याची जवारी, बुवांच्या श्वासाचा आवाज, सारे जसेच्या तसे. परतताना आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो की खरे गाणे हे असे, वायरीवाचूनचे. माझी चूक त्या कौतुकात कधीच बुडून गेली होती.

दुसऱ्या दिवशी राहिलेल्या सतरंज्या आणायला मी पुन्हा त्या गावी गेलो. ज्यांच्या घरी चहा झाला त्या घरातल्या आजींना विचारले, “काय आजी, गाणं कसं झालं?” त्या म्हणाल्या, “झालं असंल की चांगलं. आमाला बुवांचं हात हालतेलं दिसलं.”

बायका मागे बसल्या होत्या. नेहमीच मागे बसत. गाण्याच्या बैठकीत काय, जुन्या नाटकाच्या तंबूत काय, त्यांची जागा वेगळी, बहुधा मागे किंवा कडेला. दिवसभराचे काम उरकून, पोरे निजवून त्या आल्या होत्या आणि तीन तास त्यांनी हात हलताना पाहिले होते. मी ज्याला खरे गाणे म्हणत होतो ते पहिल्या पाच रांगांचे खरे गाणे होते. माईकने गाणे बिघडवले असे आजही पुष्कळ रसिक म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण असे म्हणणारे बहुधा पुढे बसणारे असतात. वायर ही गवयासाठी नसतेच. ती शेवटच्या रांगेसाठी असते.

त्यानंतर मी वही घातली. डाव्या बाजूला सामान, उजवीकडे नग. मामांना कानडी आकडे वाचायची सवय, म्हणून आकडे दोन्ही लिपींत. नियम चार. जे आधी लागते ते शेवटी भरायचे, म्हणजे वायरींची पेटी ट्रकच्या फळीला लागून. माईकची आणि दिव्याची वायर एका वाटेने न्यायची नाही. ओलांडायचीच झाली तर काटकोनात. प्रत्येक वायर निघण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासायची, नादुरुस्त वायरीला गाठ मारून वेगळी ठेवायची. आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर सामान सांभाळणाऱ्याने एकदा उठून शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. हा चौथा नियम मामांना सांगितला तेव्हा ते काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली. ते तर तो पहिल्यापासून पाळत होते, माझ्याच लक्षात आले नव्हते.

आज सगळे पालटले आहे. मंचापासून ध्वनिनियंत्रकापर्यंत पूर्वी मनगटाएवढी जाड, चोवीस वायरींची एक वायर ओढावी लागे. आता संगणकाच्या जाळ्याला वापरतात तसल्या एका बारीक वायरीतून तेवढेच काय, त्याहून अधिक आवाज जातात. गायकांच्या हातातले माईक तर बिनवायरीचे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाची वेळ घालून दिली. पूर्वी पहाटे भैरवीनंतर सामान भरायला घेत असू, आता दहाला सुरुवात होते आणि मुले बाराला घरी पोचतात. चांगलेच आहे.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमाला मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. संपल्यावर सवयीने रेंगाळलो. एक विशीतला मुलगा वायर गुंडाळत होता. एक वेटोळे सरळ, एक उलटे. ओठ हलत होते. जवळ जाऊन ऐकले तर तो मोजत होता, “वंदु, यरडु, मूरु.” मी मराठीत विचारले, कोणाकडून शिकलास? तो मराठीतच म्हणाला, “असंच करतात की, सर.” आणि पुढचे वेटोळे घातले.